आयकॉनच्या जागचं भोक

सोव्हिएत काळातली धर्मविरोधी पोस्टरं दुरुस्तीला येतात तेव्हा दुखणं बहुतेक एकच असतं. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातलं लिग्निन (कागद तपकिरी करणारा लाकडातला घटक) न काढलेलं, म्हणून कडा तपकिरी आणि घड्यांवर चिरा. कारखान्याच्या क्लबात काही महिने लटकलं की पोस्टरचं काम संपायचं. टिकाऊपणाचा विचारच नव्हता.

मला अजून सोडत नाही ते एक पोस्टर 1930 सालचं आहे. डावीकडे ट्रॅक्टर आणि शाळा, उजवीकडे दारूची बाटली घेतलेला धर्मगुरू. त्याच्या डोक्यावर भिंतीला मेरीचा आयकॉन, म्हणजे येशूच्या आईचं पूजेचं चित्र, असायला हवा, पण तिथे तळहाताएवढं भोक. संग्राहकाला ते बुजवून, दुसऱ्या प्रतीवरून चेहरा रंगवून हवा होता.

आधी भोक कशाने पडलं ते ठरवावं लागतं. कसर लागली तर कड वेडीवाकडी दिसते आणि शेजारचा पृष्ठभाग खरवडलेला असतो. कागद फाटला तर तंतू बाहेर येतात. इथे तिरप्या उजेडात, भिंगाखाली, कड सलग तुटलेली. कात्रीला आत शिरायला चीर लागते, तशी कुठेच नाही, म्हणजे पातं. घडी भोकातून जाते, तरी कापाची रेघ दोन्ही बाजूंना जराही सरकलेली नाही आणि शेजारच्या भागावर ओरखडा नाही. म्हणजे कागद सपाट पसरून कापलाय. कडेचा गाभा बाकी कागदाइतकाच तपकिरी, म्हणून काप जुना. ताजा असता तर गाभा फिकट दिसला असता. दुसऱ्या प्रतीचं छायाचित्र त्याच मापात आणून जुळवलं तेव्हा कळलं की प्रभावळीभोवती सगळीकडे सारखं अंतर राखलंय. रागात असा काप येत नाही.

मराठी माणसाच्या मनात पहिलं काय येईल ते उघड आहे. जुन्या कॅलेंडरवरचा देव आपण रद्दीत टाकत नाही, कापून ठेवतो. 1894 साली सुरू झालेल्या रवि वर्मा प्रेसची देवदेवतांची चित्रं घराघरांत पूजेला लागली, ती रंगीत शिळाछापाने: प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छपाई. रशियातही क्रांतीपूर्वी ओडेसाच्या फेसेंको छापखान्यातून असेच कागदी आयकॉन निघत. पुढे सरकारी पोस्टरांत मेरी यायची ती खिल्लीसाठी. पण खिल्ली कळायला ती ओळखू यावीच लागते, म्हणून दिमित्री मोरसारखे चित्रकार प्रभावळ नीट काढत. कुण्या आजीने तेवढीच कापून जपली असेल, असं मला फार वाटतं.

पण तोच काप उलटंही सांगतो. क्लबांमध्ये भिंतीवर लावायची हाती बनवलेली वृत्तपत्रं निघत, जुन्या मासिकांतली, पोस्टरांतली चित्रं कापून चिकटवत, आणि ‘लढाऊ निरीश्वरवादी संघा’च्या शाखा त्यात पुढे होत्या. त्या कामालाही प्रभावळीसकट मेरी लागली असेल. काळजीपूर्वक कापणं हा भक्तीचा पुरावा नव्हे. आमच्या व्यवसायात भावुक गोष्ट पक्की मानून अहवालात घालणारे बरेच आहेत. त्याने वस्तूचं नुकसान होतं.

बाकी उपचार नेहमीचे. रबरी स्पंजने कोरडी सफाई, मग प्रत्येक शाईवर पाण्याचा थेंब ठेवून टीपकागदाने दाबणं. लाल शाईने किंचित रंग सोडला, म्हणून टबात न बुडवता ओल्या टीपकागदावर ठेवून पिवळेपणा खाली ओढून घेतला. पाठीमागच्या जुन्या सरसाच्या पट्ट्या मिथाइल सेल्युलोजच्या, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या जेलच्या, लेपाखाली फुगवून सोडवल्या. शेवटी गव्हाची पातळ खळ आणि जपानी टिश्यूचं अस्तर. खळ जाड झाली तर वाळताना कागद आखडतो आणि कडा वर उचलतात.

भोक मी रंगवलं नाही. मागून अस्तराचा कागद चित्रातल्या भिंतीच्या फिकट छटेत रंगवून लावला. लांबून खटकत नाही, जवळून कापाची कड पूर्ण दिसते. संग्राहक नाराज झाला. त्याला अखंड चित्र हवं तर मूळ आकाराची वेगळी छापील प्रत शेजारी लावता येईल, असं मी सुचवलंय. अहवालात ‘जुना, पात्याने केलेला काप, हेतू अनिश्चित’ एवढंच लिहिलं, आणि ते बदलायला मी तयार नाही.