येऊरचं धुकं आणि चार ट्यूब

जुलैत रोज सकाळी ठाण्यातल्या उपवन तलावाला फेरी मारायचे. पाऊस जरा उघडला की येऊरचे डोंगर दिसत, पण अर्धेच. मधला पट्टा ढगात गडप आणि वरचा शेंडा तेवढा अधांतरी. हे तैलरंगात काढायचं, असं मनात घेतलं.

पहिलं चित्र सपशेल फसलं. येऊर म्हणजे हिरवागार, म्हणून सॅप ग्रीन, व्हिरिडियन, लेमन यलो, घरात होतं नव्हतं ते सगळं पॅलेटवर काढलं. डोंगर इतका हिरवा झाला की तलाव ओलांडून अंगावर येईल असं वाटावं. धुकं म्हणून वरून पांढरा फिरवला, तर खालचा ओला हिरवा त्यात कालवला गेला. पुदिन्याच्या चटणीत दही! पॅलेट नाइफने सगळं खरवडून टाकलं.

दुसऱ्या खेपेला चारच ट्यूब बाहेर ठेवल्या: अल्ट्रामरिन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि टायटॅनियम व्हाइट. झॉर्न या स्वीडिश चित्रकाराच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेटही चारच रंगांचं, पण त्यात निळा नसतो. काळ्यात पांढरा मिसळून निळसर भास आणतात. मला मात्र पावसाळी आभाळासाठी निळा हवाच होता.

काळ्याची गरजच पडली नाही. अल्ट्रामरिन आणि सिएना एकमेकांना मारतात आणि जवळजवळ काळा तयार होतो. त्यात पांढरा घालताना निळा किंचित जास्त ठेवला की भरलेलं आभाळ, सिएना जास्त झाला की ओली माती. ऑकरमध्ये चिमूटभर अल्ट्रामरिन घातला आणि मळकट, भिजलेला हिरवा मिळाला. येऊरचं रान पावसात तसंच दिसतं, मी उगाच ट्यूबमध्ये शोधत होते.

ब्रश लावण्याआधी पाच करड्या छटांचे गोळे करून ठेवले. मोबाइलमधला फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहिला आणि चपापले. लांबचा डोंगर आभाळापेक्षा जेमतेम एक छटा गडद होता! खरा गडद फक्त काठावरच्या झाडाच्या बुंध्यात.

सगळा जीव मात्र कडांनी खाल्ला. रंग ओला असताना कोरड्या, मऊ ब्रशने डोंगराची कड आभाळात ओढायची आणि दर फटकाऱ्यानंतर ब्रश जुन्या बनियनला पुसायचा. पुसायचं विसरलं की आभाळात चिखल. उजवीकडची कड तर मी इतकी घोटली की डोंगरच नाहीसा झाला. तो परत आणायला अख्खी संध्याकाळ गेली.

मग वाळण्याची वाट. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि पावसाळी दमट हवेत ते फारच रमतगमत चालतं. त्यात टायटॅनियम व्हाइट मुळातच सावकाश वाळणारा आणि माझं आभाळ त्यानेच भरलेलं. आठव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्यात पापडसुद्धा वाळले असते," आणि खात्री करायला त्यांनी अंगठा टेकवला.

डावीकडची कड सगळ्यात छान विरली आहे, ती त्या अंगठ्याने. मी तिला हात लावलेला नाही.