पलंग आणि कॉटमधली फट

बाळ आमच्या खोलीत झोपेल, पण आमच्या गादीवर नाही, हे आम्ही बाळंतपणाच्या आधीच ठरवलं होतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनाही तेच सांगतात: निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावं, पण त्याची गादी वेगळी, सपाट आणि कडक असावी. मोठ्यांची गादी मऊ असते, तिच्यावर उशा आणि पांघरुणं असतात, आणि थकून झोपलेल्या माणसाला आपला हात कुठे पडतोय याचं भान नसतं. माझं सिझेरियन होण्याची शक्यता डॉक्टरांनी आधीच सांगितली होती. टाके असताना दर फीडला उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाणं अवघडच गेलं असतं. म्हणून पलंगाला लागून बसणारा, पट्ट्यांनी बांधता येणारा बाळाचा छोटा कॉट घ्यायचा ठरलं.

मी आधी आमचा पलंग मोजला. जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची तर घेतलीच, पण पलंगाखाली मोकळी जागा आहे का तेही बघितलं. अशा बऱ्याच कॉटचे पाय पलंगाखाली सरकवावे लागतात आणि आमच्या पलंगाला खाली ड्रॉवर आहेत. त्यामुळे निम्मे कॉट तिथेच बाद झाले. उंची कमी-जास्त करता येणं मात्र हवंच होतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो फटीवर. कॉट आणि मोठी गादी यांच्यामध्ये जागा राहिली तर बाळ तिकडे घरंगळून अडकू शकतं, आणि इतक्या लहान बाळाला मान वळवून नाक मोकळं करता येत नाही. दुकानात कॉट पलंगाला लावून दाखवतात तेव्हा फट दिसतच नाही. पण मी पलंगाच्या काठावर बसले की गादी दबते, पुढे सरकते आणि पट्टा ढिला असेल तर तिथे फट पडते. म्हणून मी प्रत्येक कॉटजवळ स्वतः बसून, आडवी होऊन, कूस बदलून बघितलं. नवऱ्याने कॉट बाहेरून ओढून बघितला. पट्टे नुसते गादीला गुंडाळायचे नसतात. ते गादीखालून पलंगाच्या पलीकडच्या चौकटीपर्यंत नेऊन आवळायचे असतात. एका कॉटचे पट्टे तेवढे लांबच नव्हते. तो परत ठेवला.

मग प्रश्न आला पलंगाकडच्या बाजूचा. माझ्या आईला ती बाजू पूर्ण उघडी हवी होती. "अगं, मध्ये तो कठडा कशाला? हात टाकला की बाळ हाताशी आलं पाहिजे," ती म्हणाली. तिची काळजी माझ्यासाठी होती, टाक्यांवर ताण नको म्हणून. पण मला कठडा हवाच होता. लहान बाळांच्या कॉटसाठीच्या युरोपच्या ईएन ११३० या सुरक्षा मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत या बाजूलाही किमान १२ सेंटीमीटरचा कठडा सांगितला आहे. त्याने बाळ आमच्या गादीवर येत नाही आणि आमचं पांघरूण कॉटमध्ये जात नाही. मी आईला पलंगावर बसवून त्या कठड्यावरून हात आत घालायला लावला. हात सहज पोचला, मग तिचं समाधान झालं.

विक्रेता एका कॉटची डोक्याकडची बाजू वर करून दाखवत होता, दूध वर येणाऱ्या बाळांना बरं म्हणून. मला ते पटलं नाही. उताणं झोपलेल्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात सहजी जात नाही. उलट उतारावर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. १० अंशांपेक्षा जास्त उताराची झोपण्याची साधनं आणि कॉटच्या आत लावायच्या गुबगुबीत पॅडच्या झालरी या दोन्हींवर अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने बंदी आली आहे. आमच्या कॉटसोबतही तशी झालर आली होती. ती मी लावलीच नाही.

शेवटी घेतला तो साधा होता. चारी बाजूंना घट्ट जाळी, हाताने दाबलं तर खड्डा न राहणारी पातळ गादी, आणि गादी व कडा यांच्यामध्ये दोन बोटंही जाणार नाहीत इतकी नीट बसलेली. गादीवर एक ताणून बसवलेली चादर, बाकी काही नाही. उशी नाही, खेळणी नाहीत, दुलई नाही. थंडी वाटली तर अंगात एक कपडा जास्त.

बाळ घरी आल्यावर रोज झोपण्याआधी पट्टे ओढून बघायचं काम नवऱ्याकडे होतं. दूध मी पलंगावर बसूनच पाजायचे, सोफ्यावर कधीच नाही. पाजताना डोळा लागलाच तर सोफा जास्त धोक्याचा, म्हणून. जाग आली की बाळ लगेच कॉटमध्ये, उताणं.

कुशीवर वळायची खटपट सुरू झाली तेव्हा सूचनापुस्तिकेप्रमाणे हा कॉट बंद केला आणि त्याच खोलीत उंच कठड्यांचा मोठा कॉट लावला. आता नणंदेला सातवा महिना आहे, तिला हा हवा आहे. स्क्रू, पट्टे आणि पुस्तिका सगळं एका पिशवीत बांधून ठेवलंय. कंपनीने हे मॉडेल परत मागवलेलं नाही ना, तेही तपासलंय. तिच्या पलंगाची मापं आली की कळेल तिथे बसतो का.