तुम्ही विचारलंत म्हणून: काहीच न ठरवता दिवस फुकट गेला तर?

बेळगावला येणारे पाहुणे माझ्याकडे हमखास यादी मागतात. मी यादी देत नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "असं न ठरवता निघालो आणि दिवस फुकट गेला तर?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी सकाळचं एकच ठिकाण ठरवते आणि दुपार मोकळी सोडते. आमच्या भागात ते जमतं, कारण इथं परक्या माणसाला रस्ता सांगून कुणी गप्प बसत नाही.

हलशीला निघाले होते. कदंब राजघराण्याची ही एक जुनी राजधानी, तेव्हाची पलाशिका. खानापूरहून नंदगडमार्गे जायचं. नंदगडला उतरले तर पुढच्या गाडीला बराच वेळ होता. बाकावरच्या आजी म्हणाल्या, "हितं बसून काय करतीस गे? रायण्णाचं झाड बघून ये जा." कित्तूर संस्थानासाठी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये नंदगडला फाशी दिली, हे शाळेत घोकलेलं. पण त्याच्या समाधीपाशी मूल व्हावं म्हणून वडाला नवसाचे पाळणे बांधतात, हे पुस्तकात नव्हतं. बोटभर लाकडी पाळणे, काही नवे कोरे, काही पावसानं काळे पडलेले. एक सासू सुनेला मराठीत गाठ कशी मारायची ते सांगत होती, सून कन्नडमध्ये हात जोडून काहीतरी म्हणत होती. दोघींनी मला प्रसादाचा नारळ दिला. मी तिथं किती वेळ उभी होते, कोण जाणे.

परत आले तर लग्नाचं सामान घेऊन एक टेम्पो हलशीलाच निघालेला. "चला की ओ, जागा हाय." देवळाआधी मी लग्नघरी पोचले ती अशी. अंगणात मांडे चालले होते. चुलीवर कढई उपडी घातलेली, आणि एक मावशी सारण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरत होत्या. एवढा पातळ की पलीकडचा उजेड दिसावा, आणि फाटला मात्र नाही. कढईवर टाकला, क्षणात उचलला, गरम आहे तोवर घडी घातली. गार झाला की कुरकुरीत. दुकानातला मांडा मी लहानपणापासून खाते, पण तो असा हातावर जन्मतो हे त्या दिवशी पाहिलं. ते हात बघायला मी पुन्हा कुठंही जाईन.

भुवराह नरसिंह मंदिरात पोचेपर्यंत उन्हं कलली होती. दोन गाभारे समोरासमोर, एकीकडे बसलेला विष्णू, दुसरीकडे भूदेवीला उचलून धरलेला वराह. मधे उभं राहिलं की कुणाकडे पाठ करावी तेच कळत नाही.

सगळंच असं सोडून चालत नाही, हेही खरं. गोकाकचा धबधबा बघायचा तर ठरवून, भर पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात घटप्रभेला पाणी नसलं तर नुसता कातळ दिसतो. आणि कधी मोकळी दुपार खरोखरच मोकळी जाते. चहा पिऊन, स्टँडवरच्या गप्पा ऐकून मी घरी येते. मला तो दिवस फुकट गेला असं कधी वाटलेलं नाही.

तर यादी नाहीच. हलशीला जा. परतीची शेवटची गाडी किती वाजता ते खानापूरलाच विचारून ठेवा, आणि कुणी "जेवून जावा" म्हटलं तर खुशाल बसा.