नेपाळ आपल्याला परदेश वाटत नाही, बँकेला वाटतो (अन्नपूर्णा सर्किट, ऑक्टोबर २०२४)

आधीच सांगतो, थोरोंग ला या खिंडीचे फोटो, सूर्योदय, याक वगैरे बघायला आला असाल तर इथे काही नाही. ते सगळं भारी होतं, सगळ्यांनी टाकलंय, मी काय वेगळं सांगणार. सॅक किती किलोची, शूज कुठले हेही विचारू नका, सर्किटला, म्हणजे अन्नपूर्णा डोंगररांगेला वळसा घालणाऱ्या ट्रेकला, निघालात म्हणजे कळसूबाई आणि नळीची वाट करून झाली असेल असं धरतो. मला लिहायचंय ते पैशाबद्दल, कारण "अरे नेपाळमध्ये आपलंच चलन चालतं, बिनधास्त जा" असं मला निदान पाच जणांनी सांगितलं होतं आणि त्या पाचही जणांना माझ्या पासबुकाच्या एन्ट्र्या पाठवायची इच्छा आहे.

आम्ही दोघं, मी आणि माझा जुना ट्रेक पार्टनर. पुणे-गोरखपूर ट्रेन, तिथून बसने सुनौली, बॉर्डर चालत पार, भैरहवा, पोखरा. माझ्याकडे शंभराच्या नोटांमध्ये ८ हजार, पाचशेच्या नोटांमध्ये १० हजार आणि एक साधं डेबिट कार्ड. पार्टनर माझ्यापेक्षा शहाणा, त्याने थेट ३०० डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड घेतलं होतं. काउंटरवरच्या पोराने सांगितलं होतं म्हणे, सर जगात कुठेही चालतं.

जगात चालतं. भारत, नेपाळ आणि भूतान सोडून.

हे मी तुमच्यासाठी शोधून वाचलं. फेमाच्या (आपल्या परकीय चलनाच्या कायद्याच्या) नियमांप्रमाणे नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन देताच येत नाही, त्यामुळे आपल्या बँकांचं फॉरेक्स कार्ड तिथे बंदच असतं आणि कार्डासोबतच्या कागदावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. कोण वाचतंय! पोखऱ्यात लेकसाईडला त्याने तीन मशीनमध्ये घालून पाहिलं, तिन्हीकडे नकार. तिसऱ्या मशीनसमोर तो जो गप्प झाला तो रात्री जेवेपर्यंत बोलला नाही. ३०० डॉलर खिशात आणि चहाचे पैसे मी देतोय. त्याचं साधं डेबिट कार्ड होतं, पण आंतरराष्ट्रीय वापर बंद. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डं फक्त भारतातल्या वापरासाठी चालू होऊन येतात, बाहेरचा वापर आपण अॅपमधून सुरू करायचा असतो. ते करायला ओटीपी, ओटीपीला भारतीय सिम, आणि सिमला रोमिंग नाही. म्हणजे घरी सोफ्यावर बसून दोन मिनिटांत होणारं काम तिथे झालंच नाही.

आता माझ्या पाचशेच्या नोटा. नेपाळने २०१८ च्या डिसेंबरमध्ये शंभरच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली आणि आम्ही गेलो तेव्हा ती होती. दोनशे, पाचशे कुणी अधिकृतपणे घेत नव्हतं, एकाने "देतो पण कमी" म्हणून आवाज खाली करून जो भाव सांगितला तो इथे लिहायचीही लाज वाटते. नोटांचे हे नियम मागेपुढे होत असतात, निघायच्या आठवड्यात ताजं काय आहे ते बघा, पण माझा सल्ला साधा आहे, नियम कितीही सैल झाला तरी शंभराच्याच नोटा न्या. डोंगरात चहा विकणाऱ्या दिदीला नवा नियम कळेपर्यंत तुम्ही परत पुण्यात आलेले असाल.

शंभराच्या नोटेचा भाव मात्र पक्का. नेपाळी रुपया १९९३ पासून भारतीय रुपयाला १.६ ला बांधलेला आहे, शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, बाजार वर जावो खाली जावो. बॉर्डरवरच्या टपऱ्यांवर आम्हाला १५८ मिळाले, पोखऱ्यात लायसन्सवाल्या मनी एक्स्चेंजमध्ये पूर्ण १६०. म्हणून बॉर्डरवर फक्त बसभाड्यापुरते बदला. आणि दुकानात, लॉजवर भारतीय नोट थेट दिलीत तर बरेच जण सोपा हिशोब म्हणून शंभराचे दीडशे धरतात. दहा रुपयेच गेले असं वाटतं, पण ते सव्वासहा टक्के आहेत, आणि रोज तीन वेळा जातात.

आता जीपचा किस्सा, ज्याचा राग मला अजून आहे. सर्किटच्या सुरुवातीच्या गावात, बेसीसहरला, वर चामेपर्यंतच्या जीपचं विचारलं, माणूस हसून म्हणाला पच्चीस सौ. मी शंभराच्या पंचवीस नोटा मोजून दिल्या. त्याने शांतपणे घेतल्या, पुन्हा मोजल्या, खिशात घातल्या, "बस्नुस् दाई" (बसा दादा). जीप सुरू झाल्यावर शेजारच्या नेपाळी मास्तरांनी विचारलं किती दिले, मी सांगितलं, त्यांनी विचारलं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. भाडं होतं २,५०० एनसी. मी दिले ४,००० एनसी. म्हणजे पंधराशे नेपाळी, आपले साडेनऊशेच्या आसपास, एका शब्दासाठी गेले. हिंदी येतं म्हणून आपण निवांत असतो आणि तिथेच फसतो, "रुपये" दोन्हीकडे रुपयेच. त्यानंतर पाण्याची बाटली घेतानाही मी आधी आयसी की एनसी विचारत होतो, पार्टनर वैतागला होता, वैतागू दे.

पोखऱ्यात मी माझ्या कार्डावर एकदा १० हजार नेपाळी काढले होते, दुसऱ्यांदा काढायला गेलो तर मशीन रिकामं. कारण दशैं. आपला दसरा आणि त्यांचा मोठा सण एकच, २०२४ ला १२ ऑक्टोबरला विजयादशमी होती, त्याच्या आगेमागे बँका बंद, एटीएमसमोर रांगा आणि नंतर खडखडाट. सीझन ऑक्टोबरचा, सणही ऑक्टोबरचा, तेव्हा तारखा बघून पैसे आधीच काढून ठेवा. आम्ही म्हटलं चामे जिल्ह्याचं ठिकाण आहे, तिथे काढू. चामेला एटीएम होतं, खोटं का बोलू. शटर अर्धं खाली, आत काळोख, आणि समोर पायरीवर एक कुत्रं झोपलेलं. शेजारच्या दुकानदाराने लाईट नाही, पैसे नाहीत आणि माणूस सणाला गावी गेलाय, अशी तीनही कारणं एका दमात सांगितली. त्याच्या पुढे खिंडीपलीकडच्या जोमसोमपर्यंत आम्हाला पैसे देणारं एकही मशीन मिळालं नाही, आणि मध्ये ५,४१६ मीटरची थोरोंग ला खिंड आहे. परत फिरणं किंवा उधारी, दोनच रस्ते.

मनांगला पोचलो तेव्हा दोघांत मिळून ७ हजारांच्या आसपास नेपाळी उरले होते. रोजचा खर्च आमचा माणशी तीन ते साडेतीन हजार नेपाळी, जसजसं वर जाल तसा डाळभात महागतो, चार्जिंगचे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे, आणि ते बरोबरच आहे, सगळं खेचरांवरून किंवा माणसांच्या पाठीवरून येतं. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून एक दिवस मनांगला थांबायचं असतं, तो आमचा पूर्ण दिवस दोघांनी एक प्लेट वाटून खाण्यात गेला (डाळभाताला वाढप मिळतं हे खरं, पण एका ताटात दोघं जेवतायत हे दिदीला पहिल्या मिनिटात कळलं).

आणि मग बेकरीत शेजारच्या टेबलावरून "अरे मीठ दे ना रे" ऐकू आलं. नाशिकचा सहा जणांचा ग्रुप. त्यातल्या एका काकांकडे नेपाळी नोटांचा असा जाडजूड गठ्ठा होता की मला दिवाळी आठवली. आम्ही दोनशे रुपये देऊन वायफाय घेतलं, मी त्यांच्या नंबरवर यूपीआयने १०,००० भारतीय पाठवले, काकांनी चष्मा लावून १६,००० नेपाळी मोजून दिले. कमिशन शून्य, भाव पूर्ण १.६, वर एक अॅपल पाय. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वस्त एटीएम ३,५०० मीटरवर एका मोदी जॅकेटमध्ये बसलेलं होतं. तेव्हा भारतीय ग्रुप दिसला की लाजू नका, ज्याच्याकडे जास्त नोटा आहेत त्यालाही खाली जाऊन त्या परत बदलायच्याच असतात.

खिंड झाली. सकाळी चारला निघालो, थंडीने बोटं गेली, वर रडलो थोडं, मुक्तिनाथला दर्शन. पुढे.

जोमसोम. इथे मशीन चालू होतं आणि आनंदाच्या भरात मी गाढवपणा केला, तो आकड्यांत सांगतो कारण कुणी कधी सांगत नाही. एका वेळेस १० हजार नेपाळीच निघत होते. मशीनची फी ५०० नेपाळी, म्हणजे हिशोब १०,५०० चा, आपले साधारण ६,५६० रुपये. त्यावर माझ्या बँकेचा परकीय चलनाचा मार्कअप, म्हणजे भावावर लावलेला जादा आकार, साडेतीन टक्के, २३० रुपये. परदेशातल्या एटीएमचा बँकेचा स्वतःचा आकार १५० रुपये. या दोन्हीवर १८ टक्के जीएसटी, ६८ रुपये. एकूण गेले ७,००८, हातात आले ६,२५० रुपयांचे. साडेसातशेहून जास्त, बारा टक्के! आणि मी ते दोनदा केलं. १.६ चा पक्का भाव आहे म्हणून बँक मार्कअप सोडत नाही, तिच्या दृष्टीने नेपाळ आणि न्यूयॉर्क सारखेच. पार्टनरचं कार्ड एव्हाना चालू झालं होतं (मनांगच्या त्याच वायफायवर त्याच्या बायकोकडून ओटीपी मागवून, तो नंबर घरच्या फोनवर होता हे त्याला सातव्या दिवशी आठवलं). त्याला मशीनने स्क्रीनवर प्रेमाने विचारलं, भारतीय रुपयांत रक्कम ठरवून देऊ का? आकडा ओळखीच्या चलनात दिसला म्हणून त्याने हो दाबलं. तो भाव १.५२ च्या आसपास बसला, म्हणजे बाकी सगळ्यावर आणखी पाच टक्के. अशी स्क्रीन आली की कायम नाही म्हणायचं, स्थानिक चलनातच घ्यायचं, हे नेपाळच नाही, कुठल्याही देशात. नाही म्हटल्यावर व्यवहार रद्द होईल असं वाटतं, होत नाही, पैसे येतात.

बाहेर कुठे गेलात तरी प्रत्येक वेळच्या फीचं गणित तेच, थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा मशीन देईल तेवढे एकदाच काढा. थायलंडमध्ये मागे गेलो होतो तेव्हा दर वेळेला २२० बात कापले जायचे, हजार काढा नाहीतर वीस हजार. तिथे निदान फॉरेक्स कार्ड चालतं आणि डॉलरच्या शंभराच्या कोऱ्या नोटेला चांगला भाव मिळतो. नेपाळला ते दोन्ही विसरा. आणि क्रेडिट कार्डवर रोख काढणं हा तर विचारही नको, काढल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, पंचेचाळीस दिवसांची सवलत फक्त खरेदीला असते. हॉटेलात, ट्रेकिंगच्या दुकानात कार्ड घासायला गेलात तर तीन-चार टक्के वर मागतात, बिल करायच्या आधी विचारा.

यूपीआयचं म्हणाल तर मार्च २०२४ पासून फोनपेच्या, म्हणजे नेपाळच्या फोनपेच्या, आपल्या जांभळ्या फोनपेच्या नव्हे, क्यूआरवर चालतं. लेकसाईडला दोन दुकानांत माझं चाललं, तिसऱ्यात नाही. निघायच्या आधी अॅपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल सुरू करून ठेवा, आणि पिन टाकायच्या आधी किती भारतीय रुपये कापणार ते दिसतं, नेपाळी रकमेला १.६ ने भागून ताडून बघा. फक्त दुकानाच्या क्यूआरवर, दिदीच्या स्वतःच्या वॉलेटवर नाही. शहरात बरं, चामेच्या पुढे यावर विसंबणारा उपाशी झोपेल.

पुढच्या एप्रिलमध्ये मेहुणा अन्नपूर्णा बेस कॅम्पला निघाला तेव्हा मी स्वतः त्याला बँकेत घेऊन गेलो आणि शंभराची तीन बंडलं मागितली. कॅशियरबाई म्हणाल्या, लग्न आहे का घरात? दोन बंडलं सॅकच्या तळाशी वेगवेगळ्या झिपलॉकमध्ये, एक अंगावर. पोखऱ्याला पोचल्यावर वरच्या दिवसांचा माणशी साडेतीन हजार नेपाळी धरून, अधिक दोन दिवस खराब हवामानाचे, अधिक जीप, एवढे सगळे एकदम बदलून घेतले, बाकीच्या भारतीय नोटा तशाच ठेवल्या. बदलताना पाचशेच्या आणि शंभराच्या नेपाळी नोटा मागा, हजाराची नोट वर कुणाला सुटी होत नाही. फाटकी, पेनाने लिहिलेली भारतीय नोट तिथे घेत नाहीत, इथेच बाजूला काढा. डेबिट कार्ड त्याने नेलं, चालू करून, रोमिंगसकट, आणि एकदाही वापरलं नाही. एवढी रोकड बाळगायची भीती वाटते हे मान्य, मला पण वाटते, पण आमच्याकडून चोरी एका रुपयाची झाली नाही, फी दोन हजारांच्या घरात गेली.

उरलेले नेपाळी पैसे घरी आणू नका, इथे कुणी हिंग लावून विचारत नाही. बेलहियाला, बॉर्डरच्या नेपाळी बाजूला, आमच्याकडे ३४० उरले होते, बदलणाऱ्याने आधी मोडकी कॅल्क्युलेटर काढली तेव्हाच मी निघालो. समोर गाड्यावर गरम समोसे होते. पार्टनरने विचारलं कितीला, गाडीवाला म्हणाला पच्चीस, आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो.