'माय मदर इज नॉट कन्व्हीनियंट'

चीनमधल्या सूजौ शहरात यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे. तिथल्या लोकांना मी पुण्यातून ऑनलाइन, ऑफिसपुरतं इंग्रजी शिकवते. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, त्यामुळे वर्ग भरतो तेव्हा त्यांची संध्याकाळ झालेली असते. त्या दिवशी 'कन्व्हीनियंट' हे विशेषण घ्यायचं ठरवलं होतं, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या मेलमध्ये 'व्हेन यू आर कन्व्हीनियंट' हे वाक्य असायचंच.

नियम छोटा आहे. इंग्रजीत वेळ, जागा, पद्धत कन्व्हीनियंट असते, माणूस नसतो. म्हणून 'आर यू कन्व्हीनियंट टुमॉरो?' चूक आणि 'इज टुमॉरो कन्व्हीनियंट फॉर यू?' बरोबर. आपण 'उद्या तुम्हाला सोयीचं आहे का?' असंच विचारतो, त्यामुळे मराठी माणसाला हे पटकन पटतं. चिनीत मात्र 'नी मिंगथ्येन फांगब्येन मा?' हे शुद्ध आणि नम्र वाक्य आहे. फांगब्येन म्हणजे सोयीचा, आणि इथे फांगब्येन असतो तो समोरचा माणूसच.

हे सांगत असताना गुणवत्ता तपासणी विभागातल्या एका बाईंनी चॅटमध्ये आपला मसुदा टाकला. त्यांना परदेशातल्या वरिष्ठांकडे रजा मागायची होती. 'माय मदर इज नॉट कन्व्हीनियंट, सो आय ॲम ऑल्सो नॉट कन्व्हीनियंट.' वाचून मला धस्स झालं. इंग्रजीत माणसाला 'इन्कन्व्हीनियंट' म्हटलं की तो कुणाच्या तरी वाटेतली अडचण ठरतो, खटल्यात नकोसा झालेला साक्षीदार असतो तसा. मुलीला आईची अडचण होते आहे, असा अर्थ निघाला असता.

"लाओशी (म्हणजे बाई, शिक्षिका), आईचे पाय," त्या म्हणाल्या. 'थ्वेज्याओ बू फांगब्येन', शब्दशः 'पाय सोयीचे नाहीत', म्हणजे हातीपायी पूर्वीसारखं होत नाही, जिना चढवत नाही. वडीलधाऱ्यांबद्दल 'अधू' असं तोंडावर न म्हणता बोलायची ही तिथली अदब. नुसती लाल रेघ मारून ती अदब इंग्रजीत उतरणार नव्हती.

मग धडा बाजूला ठेवून मी विचारलं, घरीदारी फांगब्येन आणखी कुठे कुठे म्हणता? वर्ग एकदम बोलता झाला. हातात पैसे नसले की 'बू फांगब्येन'. तिथे इंग्रजीत 'शॉर्ट ऑफ मनी'. चारचौघांत सांगता न येणारी गोष्ट असली तरी तेच, आणि तिथे 'आय कान्ट रिअली टॉक अबाउट इट'. जेवताना उठून 'फांगब्येन' करून येतो म्हटलं, तर तो बाथरूमला निघालेला असतो. झटपट नूडल्स म्हणजे फांगब्येनम्येन, इंग्रजीत 'इन्स्टंट'. इतक्या ठिकाणी वावरणाऱ्या शब्दासमोर एकच 'कन्व्हीनियंट' छापणाऱ्या शब्दयाद्यांचा मला मनापासून राग येतो. शिकणारा त्यांच्यावर विश्वास ठेवतो आणि तोंडघशी पडतो.

एक तरुण म्हणाला, हा शब्द बौद्ध ग्रंथांतही आहे. ते मला ठाऊक होतं आणि सांगताना फार आनंद झाला. कुमारजीव या बौद्ध भिक्षू-अनुवादकाने 406 साली सद्धर्मपुंडरीकसूत्र हा बौद्ध ग्रंथ चिनीत आणला, तेव्हा दुसऱ्या प्रकरणाच्या नावातल्या संस्कृत 'उपायकौशल्या'साठी त्याने 'फांगब्येन' योजला. ऐकणाऱ्याला पेलेल अशा रीतीने सांगणं, हा त्या उपायाचा अर्थ. माझ्या रोजच्या बोलण्यातला 'उपाय' त्यांच्या शब्दाशी असा जोडलेला आहे, हे वर्गाला सांगितलं.

मेल आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला. 'माय मदर हॅज डिफिकल्टी वॉकिंग अँड नीड्स माय हेल्प. वुड इट बी कन्व्हीनियंट फॉर द टीम इफ आय टुक लीव्ह नेक्स्ट वीक?' कन्व्हीनियंट राहिला, पण रजेच्या वेळेला लागला. आईच्या वाट्याला साधे, स्वच्छ शब्द आले. बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि तिथल्या तिथे पाठवला.

उरलेल्या वेळात 'हाउ कन्व्हीनियंट!' घेतलं. त्यातला संशय त्यांना समजेना, कारण फांगब्येनला तो वास नाही. 'सोयीस्करपणे विसरला' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो लगेच येतो. त्यांच्यासाठी मात्र पुढच्या वर्गात प्रसंग रचूनच दाखवावा लागणार आहे.