रिकाम्या पाकिटांचा हिशेब

महिन्याच्या ९ तारखेला आमच्याकडे श्वास घ्यायलाही फुरसत नसते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी त्या दिवशी असते आणि ठाणे-बेलापूर मार्गावरच्या आमच्या दवाखान्यात सकाळी नऊलाच बाके भरलेली असतात. मी तेथे आहारतज्ज्ञ आहे. एका गरोदर बाईसाठी मला जेमतेम पाच मिनिटे मिळतात आणि त्यातली दोन नोंदवही भरण्यात जातात.

त्या दिवशी आलेल्या बाईला सव्विसावा आठवडा चालू होता. अठराव्या आठवड्यात तिचे हिमोग्लोबिन ८.६ होते. गरोदरपणात ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात, म्हणून तिला लोहाच्या लाल गोळ्या दिवसाला दोन आणि कॅल्शियमच्या दोन सुरू केल्या होत्या. आठ आठवड्यांनी अहवाल आला ८.४. मधल्या भेटीत मी नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिले होते, 'गोळ्या नियमित घेत नाही, आहाराचा सल्ला पाळत नाही.' डॉक्टरांनीही ते वाचून शिरेतून लोह देण्याचा विचार सुरू केला होता.

ती माझ्यासमोर बसली आणि काही न बोलता तिने पिशवी टेबलावर उपडी केली. आत लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे होती, रबर लावून नीट बांधलेली. "मॅडम, मोजून घ्या," एवढेच ती म्हणाली. मी मोजली. दहा गोळ्यांची अकरा पाकिटे पूर्ण रिकामी होती आणि बाराव्यात आठ गोळ्या शिल्लक होत्या. छप्पन दिवस, रोज दोन, म्हणजे एकशे बारा. एकही गोळी चुकलेली नव्हती.

मी रांग थांबवली. बाहेरच्या बायका कुरकुरल्या, परिचारिकाही नाराज झाल्या, पण मला तिचा कालचा दिवस समजून घ्यायचा होता.

हे काम घाईचे नाही. "काय काय खाता?" असे विचारले तर उत्तर "सगळंच खाते" असे येते आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यामुळे मी टेबलाच्या खणात तीन मापांच्या वाट्या, एक पळी आणि स्टीलचा पेला ठेवते. काल उठल्यावर तोंडात पहिल्यांदा काय गेले, ते कशात घेतले, भाकरी तळहाताएवढी होती की ताटाएवढी, उसळीची पळी भरून वाढली की निम्मी, असे तास-तास पुढे सरकत जायचे. शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो: जेवण नाही म्हणता येणार, पण सहज तोंडात टाकले असे काही?

तिचा आहार माझ्या छापील कोष्टकापेक्षा चांगला निघाला. घरचे मूळ साताऱ्याकडचे, राहायला घणसोलीत, नवरा वाशीच्या भाजीपाला बाजारात माथाडी. पहाटे घरी येताना तो मेथी, शेपू, माठ यांच्या जुड्या आणतो. बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, रविवारी मटण. आम्ही वाटतो त्या कागदावर सफरचंद, पनीर आणि सुका मेवा छापलेला आहे. तो कोणी, कोणाच्या स्वयंपाकघराकडे पाहून तयार केला, हे मला आजवर समजलेले नाही.

चहा मात्र तिने एकदाही सांगितला नव्हता, कारण चहाला कोणी खाणे म्हणत नाही. मी पेला पुढे केला तेव्हा दिवसाचे पाच कप निघाले. ती रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कामाला जाते. तेथे मशीन सोडून पाण्याला उठता येत नाही. साडेदहाला आणि साडेतीनला चहाची सुट्टी असते. गोळ्या देताना खिडकीवर तिला "काहीतरी खाऊन घ्या" एवढेच सांगितले होते. त्यामुळे दोन्ही सुट्ट्यांत बिस्किटाबरोबर एक लाल गोळी, एक कॅल्शियमची, आणि वरून कडक चहा. चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही आणि कॅल्शियमही त्याच्या आड येते. आम्हीच दिलेल्या दोन गोळ्या आठ आठवडे एकमेकींना अडवत होत्या आणि दोन्ही एकाच कागदात गुंडाळून देणारे आम्हीच होतो.

शेवटच्या प्रश्नावर ती खाली बघू लागली. मग पर्समधून तिने पाटीवरच्या पेन्सिलीचा कुरतडलेला तुकडा काढला. लोह कमी पडले की अशी ओढ लागते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मी तिला दोनदा सांगितले.

मग वेळा बसवल्या. साडेदहाला चहाच्या सुट्टीत कॅल्शियम. एकला डब्याच्या वेळी लोह, सोबत आवळ्याची फोड किंवा भाकरीवर लिंबू, आणि त्यानंतर साडेतीनपर्यंत चहा नाही. रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरे कॅल्शियम आणि दोन तासांनी, झोपताना, लिंबूपाण्याबरोबर दुसरे लोह. "शौचाला काळे होते," ती म्हणाली, "सासूबाई म्हणतात बाळ काळे होईल." ते न शोषलेले लोह असते, त्याचा बाळाच्या रंगाशी काही संबंध नाही, असे मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिले, कारण सासूबाईंना वाचता येते.

डॉक्टरांनी थॅलेसेमियाची, म्हणजे हिमोग्लोबिन कमी ठेवणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करून घेतली, तीत काही निघाले नाही. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.५ आले. चहा हेच एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तातील द्रव वाढतो आणि हिमोग्लोबिनचा आकडा आपोआपही थोडा खाली येतो. हे मला नोंद करताना माहीत होते. तरीही मी तिलाच दोषी धरले, हे मला अजून पचलेले नाही.

त्या दिवशी मी तिच्यासमोर नोंदवही उघडून ती ओळ खोडली. "काय खोडलं?" असे तिने विचारले, तेव्हा वाचून दाखवावे लागले. ती बराच वेळ गप्प बसली. मग रबर लावलेली पाकिटे पुन्हा पिशवीत भरली आणि म्हणाली, "मग घरी संध्याकाळचा चहा कितीला घेऊ?"

त्या आठवड्यात मी मागच्या तीन महिन्यांची पाने चाळली. माझ्याच अक्षरातली 'गोळ्या घेत नाही' ही नोंद आणखी अकरा नावांपुढे सापडली. चौघींशी बोलणे झाले. तिघी गोळ्या चहाबरोबरच घेत होत्या. एकीचे बाळंतपण होऊन गेले आहे. राहिलेल्या सहा जणींपैकी दोघींचे फोन लागत नाहीत.