लेन्स 'ओके' आहे म्हणे, पण कोणत्या बॉडीवर?

'लेन्स विदिन स्पेसिफिकेशन.' सर्व्हिस सेंटरच्या कागदावर एवढंच. खाली मध्यभागाच्या आणि चार कोपऱ्यांच्या शार्पनेसचे आकडे, शेवटी शिक्का. हे आकडे कोणत्या कॅमेऱ्यावर काढले याचा कुठे पत्ता नाही. माझं सगळं भांडण त्या एका न लिहिलेल्या ओळीवरून झालं. लेन्स आता दुरुस्त होऊन आली आहे, तरी तो कागद हाताला लागला की डोकं फिरतं.

लातूरला माझा स्टुडिओ आहे. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, मधूनमधून खरोसा लेणी नाहीतर औसा किल्ला. 24-70 एमएमची झूम ही माझी रोजची लेन्स. 24 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम (म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) बॉडीवर तिने कधी त्रास दिला नाही. 45 मेगापिक्सेलची बॉडी घेतली आणि पहिल्याच ग्रुप फोटोत माझ्या पोऱ्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, "दादा, उजवा कोपरा धुतल्यावानी दिसायलाय." वॉरंटी शिल्लक होती. बिल, कार्ड, कुरिअर हे सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पाठवण्याआधी मी घरीच टेस्ट केली होती, ती सांगतो. भिंतीवर मराठी पेपरची छोट्या जाहिरातींची पानं चिकटवली, मध्ये एक आणि चार कोपऱ्यांना चार. बारीक टायपातला अनुस्वार हा आपला फुकटचा टेस्ट चार्ट. 100 टक्क्यांवर पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात 'संपर्क'वरचा ठिपका गोल होता, उजव्या कोपऱ्यात तो लांबट होऊन शिरोरेघेला चिकटला होता. कॅमेरा भिंतीला अगदी समोरासमोर हवा. त्यासाठी भिंतीवर सपाट आरसा लावा आणि लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये येईल असा ट्रायपॉड सरकवा. मग कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो काढा. धूसरपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर भिंत निर्दोष. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, टायमर चालू, फोकस दर वेळी नव्याने. आणि हे घरातच करा. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लांबची पाण्याची टाकीसुद्धा हवेत थरथरते, तिच्यावर कसली शार्पनेस टेस्ट करणार?

एवढं करून मी लेन्स पुण्याला पाठवली आणि ती 'पास' होऊन परत आली. फोन केला. "सर, सिस्टिमवर टेस्ट होतं." कोणत्या बॉडीवर? "सर, सिस्टिमवर." शेवटी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने स्वतः गेलो. काउंटरवरच्या मुलाचं एकच पालुपद होतं, "जुन्या बॉडीवर लेन्स चांगली होती ना? मग प्रॉब्लेम नवीन बॉडीचा आहे. बॉडी जमा करा."

ऐकायला हे पटतं, म्हणूनच जास्त चीड आली. फोटोत दिसणारी शार्पनेस एकट्या लेन्सची कधीच नसते. एखाद्या बारकाईला लेन्स जेवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, देते, त्याला सेन्सरच्या कॉन्ट्रास्टने गुणायचं, तेव्हा हातात पडतो तो आकडा. समजा डाव्या कोपऱ्यात लेन्स 0.60 देते आणि उजव्यात 0.45. सेन्सर 0.40 देणारा असेल तर फोटोत उरतात 0.24 आणि 0.18. सेन्सर 0.70 चा असेल तर 0.42 आणि 0.315. दोष तोच, पण पहिल्या जोडीत फरक 0.06 आणि दुसरीत पावणेदोन पट.

हा सेन्सरचा वाटा ठरतो त्याच्या बांधणीवर. 24 मेगापिक्सेल फुल-फ्रेमचा पिक्सेल साधारण 6 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरला 83 रेघजोड्यांच्या (एक काळी, एक पांढरी रेघ मिळून एक जोडी) पुढे त्याची धाव नाही. 45 मेगापिक्सेलचा पिक्सेल 4.35 मायक्रॉनच्या आसपास, त्याची हद्द 115 पर्यंत. शिवाय माझ्या जुन्या बॉडीत लो-पास फिल्टर होता. बारीक विणीच्या साडीवर मॉयरे, म्हणजे मुळात नसलेली लाटांची नक्षी, उठू नये म्हणून तो प्रतिमा मुद्दाम किंचित पसरवतो. नवीन बॉडीत तो नाही. 2012 साली निकॉनने डी800 आणि डी800ई हे 36 मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे बरोबरच आणले होते. ई मध्ये या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला, बाकी सेन्सर तोच. एकच लेन्स दोन्हींवर लावली की ई वर आकडा वर जायचा. लेन्सने काय जास्तीचं केलं होतं?

हे काउंटरवर सांगून उपयोग नव्हता. मी लॅपटॉप उघडला. त्याच नवीन बॉडीवर 50 एमएम लावून काढलेले फोटो दाखवले, चारी कोपरे सारखे. (ही टेस्ट विसरू नका. माउंट (लेन्स बसते ती कडी) किंवा सेन्सर वाकडा असेल तर दुसऱ्या लेन्सवरही तोच कोपरा मार खातो.) मुलगा म्हणाला, "सर, तुमचे फोटो आम्हाला चालत नाहीत." म्हटलं, मग तुमचे काढा, माझ्या बॉडीवर, माझ्यासमोर. तसा नियम नाही म्हणे. मी तिथल्या सोफ्यावर बसून राहिलो. माझ्यामागून आलेले लोक बॅटऱ्या, फ्लॅश घेऊन निघून गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर आतून एक वयस्कर टेक्निशियन आले. त्यांना अनुस्वाराचे दोन फोटो दाखवले तर ते हसले आणि म्हणाले, "आमच्या स्टँडवर जुनी 24 ची बॉडी आहे हो. कोपऱ्यांतला फरक मर्यादेत आला की पास." जे फोनवर पहिल्या दिवशी सांगता आलं असतं, ते हे.

माझी बॉडी त्यांनी आत नेली. बाहेर आले ते जॉबशीटवर 'डिसेंटरिंग' लिहूनच. आतली एक काच अक्षावरून सरकलेली. वॉरंटीत बसलं, पैसे लागले नाहीत. आता उजवीकडचा अनुस्वारही गोल येतो.

तेव्हा पाठवायचंच असेल तर लेन्सबरोबर बॉडीही पाठवा, आणि जॉबशीटवर 'याच बॉडीवर तपासावी' असं आपल्या हाताने लिहा. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले, द्या, कारण जेपीईजीत कॅमेरा आपलं शार्पनिंग घालतो आणि दोष झाकला जातो. एफ/16 वर टेस्ट करू नका, लेन्सचं छिद्र तिथे इतकं बारीक होतं की प्रकाश पसरतो (डिफ्रॅक्शन) आणि चांगली नि वाईट लेन्स सारखीच मऊ दिसते. सेकंडहँड लेन्स घेताना कोणी रिव्ह्यूतले आकडे दाखवले तर दोन्ही लेन्स एकाच बॉडीवर मोजल्या आहेत का, ते आधी बघा. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, बॉडीवर फुल-फ्रेम लेन्सचे कोपरे छान दिसतात, कारण खरे कोपरे सेन्सरच्या बाहेरच राहतात.

परभणीच्या एका मित्राने फिल्मच्या जमान्यातली वाइड लेन्स अडॅप्टरने मिररलेसवर लावली आणि कोपरे विरघळलेले पाहून ती विकायला काढली. त्याला थांबवलं, दोष लेन्सचा नव्हता. फिल्मसमोर काच नसायची, सेन्सरसमोर असते. लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत ती एक मिलिमीटरहून पातळ, सोनीच्या मिररलेसमध्ये सुमारे दोन, मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत चारच्या आसपास. तिरप्या येणाऱ्या किरणांना ती काच कोपऱ्यात वळवून टाकते.

आणि हो, हुड आणि फिल्टर घरी काढून ठेवा. माझी मागची कॅप अजून पुण्यातच आहे.